नेव्हाडाकडून घ्यायचं तर पाण्याचं मीटर घ्या

अमेरिकेच्या सहलीत लास व्हेगसचा मुक्काम ठरलेला असतो, आणि संध्याकाळी बेलाजिओ हॉटेलसमोरचं कारंजं बघणंही. साडेआठ एकरांचं तळं, गाण्याच्या ठेक्यावर उसळणारं पाणी आणि चहूबाजूंना वाळवंट. ते बघून आलेली मंडळी सांगतात की जुगाराच्या पैशावर तिथल्या लोकांनी ओसाड माळावर नंदनवन उभं केलं. मग ओघानेच पुढचा प्रश्न येतो : आपल्याकडे असं करायला काय हरकत आहे? गोव्यात मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंवरून वाद पेटतो तेव्हा हाच दाखला दिला जातो. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो कायदा कधीही अमलात न येता २०२३ मध्ये रद्द झाला. तोपर्यंत अधूनमधून इथेही लास व्हेगसचं नाव निघायचं.

हा दाखला चुकीचा आहे. नेव्हाडा टिकून आहे ते जुगारामुळे नव्हे. पैसा असो की पाणी, जे हातातून निसटू शकतं ते मोजायची शिस्त त्या राज्याने ठेचा खाऊन अंगी बाणवली, म्हणून ते टिकलं. जिथे मोजलं नाही तिथे त्याच राज्यात जमीन कोरडी पडली. तिथून काही आणायचं असेल तर ही शिस्त आणावी.

आधी भूगोल थोडक्यात. नेव्हाडाचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ८६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून थोडंच कमी. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत ३१ लाख, आणि त्यातले जवळपास २३ लाख लोक लास व्हेगसच्या एकट्या क्लार्क काउंटीत. राज्याची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची. अमेरिकेतलं हे सर्वांत कोरडं राज्य. लास व्हेगसला वर्षाकाठी जेमतेम १०५ मिलिमीटर पाऊस पडतो. उत्तरेकडच्या हम्बोल्टसारख्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत, खळग्यात जाऊन आटतात. ‘लास व्हेगस’ या स्पॅनिश शब्दांचा अर्थ कुरणं. तिथे खरोखरच जिवंत झरे होते. १९०५ मध्ये रेल्वेने जागांचा लिलाव करून गाव वसवलं ते त्या झऱ्यांच्या भरवशावर. उपसा इतका झाला की १९६२ पर्यंत झरे वाहायचे थांबले आणि काही भागांत जमीन खचली.

जुगाराला मान्यता मिळाली १९ मार्च १९३१ रोजी. त्याआधी १८६९ मध्ये तो कायदेशीर झाला होता, १९०९ च्या कायद्याने बंद झाला होता. १९३१ साली महामंदी होती, चांदीच्या खाणी कधीच्या थकल्या होत्या, आणि राज्याला उत्पन्न हवं होतं. त्याच वर्षी घटस्फोटासाठी लागणारी वास्तव्याची मुदत सहा आठवड्यांवर आणली गेली आणि त्याच वर्षी हूव्हर धरणाचं काम सुरू झालं. गंमत म्हणजे याच राज्याच्या राज्यघटनेत लॉटरीवर बंदी आहे. महाराष्ट्र सरकार १९६९ पासून लॉटरी चालवतं, नेव्हाडा सरकारला ते करता येत नाही.

पहिली २४ वर्षं या धंद्यावर म्हणावी तशी देखरेख नव्हती. गुन्हेगारी टोळ्यांचा पैसा शिरला. मोजणीच्या खोलीतूनच नोटा काढून घ्यायच्या आणि उरलेल्या हिशेबात दाखवायच्या, ही तिथली नेहमीची चोरी. १९५५ मध्ये गेमिंग कंट्रोल बोर्ड आलं आणि १९५९ मध्ये त्यावर स्वतंत्र गेमिंग कमिशन. ही दोन पायऱ्यांची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. तीन सदस्यांचं बोर्ड चौकशी करतं, पाच सदस्यांचं कमिशन निर्णय देतं. बोर्डाने एकमताने नकार दिला असेल तर तो फिरवायला कमिशनलाही एकमत लागतं. परवाना हा हक्क नाही, काढून घेता येण्याजोगी सवलत आहे, असं कायद्यातच लिहिलं आहे. आपण स्वच्छ आहोत हे अर्जदाराने सिद्ध करायचं, सरकारने तो मलिन असल्याचं नव्हे. आणि पैसा कुठून आला, भागीदार कोण, कर्ज कोणाचं, ही सगळी झडती घेण्याचा खर्चही अर्जदाराच्याच खिशातून.

यंत्रांचंही तसंच. स्लॉट मशीनच्या आत फिरणाऱ्या चित्रांना काही अर्थ नसतो. निकाल ठरतो चिपमधल्या यादृच्छिक आकड्याने. तो आकडा खरोखर यादृच्छिक आहे का, याची संख्याशास्त्रीय चाचणी होते, आणि मशीनने दीर्घकाळात लावलेल्या पैशांपैकी किमान ७५ टक्के परत द्यावेत असा नियम आहे. प्रत्यक्षात मशीन त्याहून बरंच जास्त परत देतात. तरीही माणूस रिकामा होतो, कारण वेग. समजा मशीन ८ टक्के ठेवून घेतं, एक डाव एक डॉलरचा आणि तासाला ६०० डाव. तर सरासरी ४८ डॉलर तासाला गेले, नशीब बरं असो की वाईट. रूलेटचं गणित आणखी उघडं आहे. चाकावर ३८ खाने, १ ते ३६, शून्य आणि दुहेरी शून्य. एका आकड्यावर जिंकलात तर ३५ पट मिळतात आणि लावलेला पैसा परत येतो, म्हणजे एकूण ३६. फरक ३८ मधले २, म्हणजे ५.२६ टक्के घराचे, अर्थात कॅसिनोचे. अलीकडे काही टेबलांवर तिसरं शून्य आलं आहे. तिथे ३९ मधले ३, म्हणजे ७.६९ टक्के. एक हिरवा खाना वाढला आणि घराचा वाटा जवळपास दीडपट झाला. टेबलावर बसलेल्यांपैकी फार थोडे हे मोजतात.

या देखरेखीलाही भोकं पडली. १९९० च्या दशकात बोर्डाच्याच एका तंत्रज्ञाने मशीनच्या चिपमध्ये छुपी खूण पेरली. विशिष्ट क्रमाने नाणी टाकली की मशीन जिंकून द्यायचं. तपासणीचं हत्यार ज्याच्या हाती होतं, त्यानेच ते वापरलं. २०२५ मध्ये एका मोठ्या हॉटेल-कॅसिनोला १ कोटी ५ लाख डॉलर दंड भरावा लागला, कारण बेकायदा सट्टेवाल्यांचा पैसा तिथे खेळत राहिला. मी याकडे व्यवस्था कुचकामी असल्याचा पुरावा म्हणून बघत नाही. ७० वर्षं जुनी, अनुभवी, पुरेशी माणसं असलेली यंत्रणाही अशी चुकते, तर जिथे करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्याकडेच गेमिंग कमिशनरचं काम सोपवलं जातं तिथे काय होईल, हा माझा प्रश्न आहे. गोव्याने २०२० मध्ये नेमकं हेच केलं. स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत मज्जाव केला हे चांगलं झालं. नेव्हाडात उलट, विमानतळावर, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर स्लॉट मशीन आहेत. पंधरापर्यंत मशीन ठेवायला मर्यादित परवाना पुरतो. दूध-पाव आणायला गेलेल्या माणसाच्या वाटेत जुगार उभा करणं ही त्या राज्याची सर्वांत वाईट सवय आहे, आणि तिचा दाखला कोणी देत नाही.

कराचं म्हणाल तर नेव्हाडा कॅसिनोच्या निव्वळ कमाईवर, म्हणजे लावलेल्या पैशांतून जिंकलेले वजा करून उरलेल्या रकमेवर, कमाल ६.७५ टक्के कर घेतं. पेनसिल्व्हेनियात स्लॉट मशीनवर तो ५४ टक्क्यांच्या आसपास आहे, मकावमध्ये सगळं धरून ४० टक्के. आपल्याकडे २०२३ पासून जीएसटी चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांच्या, पूर्ण दर्शनी किमतीवर लागतो, आधी २८ आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. दहा हजारांच्या चिप्स घेऊन एक हजार हरलात तर नेव्हाडात कर एक हजारावर, इथे दहा हजारांवर. म्हणजे ‘व्हेगससारखं उत्पन्न मिळेल’ म्हणणाऱ्यांची आकडेमोड पहिल्याच ओळीत चुकते.

शिवाय ज्या राज्याचा एकच पाय आहे त्याला तो दुखावता येत नाही. कर कमी, वैयक्तिक प्राप्तिकर शून्य, आणि शाळांवरच्या दरडोई खर्चात नेव्हाडा वर्षानुवर्षं देशातल्या खालच्या राज्यांत. मार्च २०२० मध्ये करोनामुळे कॅसिनो बंद झाले ते ४ जूनला उघडले. मधल्या एप्रिलमध्ये राज्यातली बेरोजगारी सुमारे ३० टक्क्यांवर गेली. हे नंदनवन असं अडीच महिन्यांत कोसळतं.

आता पाणी. लास व्हेगसला येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ९० टक्के कोलोरॅडो नदीचं. १९२२ च्या करारात सात राज्यांनी ही नदी वाटून घेतली, आपल्याकडे कृष्णेचं पाणी लवादाने वाटलं तशी. खालच्या खोऱ्यात कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील इतकं पाणी म्हणजे एक एकर-फूट), ॲरिझोनाला २८ लाख आणि नेव्हाडाला फक्त ३ लाख. आपल्या भाषेत सांगायचं तर १३ टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी धरतात, त्याच्या निम्म्याहूनही कमी. वाटणी झाली तेव्हा लास व्हेगस म्हणजे रेल्वेचं एक ठाणं होतं, आणि नदीची मापंही नेमकी ओल्या वर्षांतली घेतलेली होती. इतक्या पाण्यात आज २३ लाख रहिवासी आणि वर्षाला सुमारे ४ कोटी पर्यटक राहतात.

१९९१ पर्यंत लास व्हेगस खोऱ्यातल्या पाणीपुरवठा संस्था एकमेकींच्या स्पर्धेत होत्या. प्रत्येकीचा वेगळा कोटा, आणि वापरला नाही तर गमावण्याची भीती. त्यामुळे बचत करणारा तोट्यात. त्यातल्याच एका संस्थेच्या प्रमुख पॅट मलरॉय यांच्या पुढाकाराने सात संस्थांचं एक प्राधिकरण झालं, कोटे एकत्र आले, टंचाईही वाटून घ्यायचं ठरलं. माझ्या मते पुढचं सगळं या एका निर्णयामुळे शक्य झालं. नळ, गवत, गोल्फ हे सारं नंतरचं.

मग हिशेबाची युक्ती. करारानुसार नेव्हाडाने किती पाणी उचललं हे मोजलं जात नाही. उचललेल्यातून परत केलेलं वजा करून उरतं ते मोजलं जातं. घरात, हॉटेलात वापरलेलं पाणी गटारातून प्रक्रिया केंद्रात जातं, स्वच्छ होतं आणि लास व्हेगस वॉश नावाच्या ओढ्याने लेक मीडमध्ये, म्हणजे हूव्हर धरणाच्या जलाशयात, परत येतं. जितकं परत केलं तितकं पुन्हा उचलता येतं. घरात वापरलेल्या पाण्यापैकी ९९ टक्के असं फिरतं. म्हणून हॉटेलच्या हजारो खोल्यांतल्या आंघोळी आणि धुलाई कोट्याला फारशा लागत नाहीत, आणि शॉवर दोन मिनिटं कमी केल्याने कोटा वाचत नाही. वीज आणि प्रक्रियेचा खर्च तेवढा वाचतो. पाणी खरोखर गमावलं जातं ते उघड्यावर : लॉन, पोहण्याचे तलाव आणि वातानुकूलनाचे कूलिंग टॉवर. बचतीचा सगळा मारा तिथेच झाला आणि तो योग्यच होता. बेलाजिओचं कारंजंसुद्धा कोलोरॅडोवर चालत नाही. त्या जागी पूर्वी ड्यून्स हॉटेलचं गोल्फ मैदान होतं, त्याच्या विहिरीचं पाणी तिथे वापरतात.

लॉनचे आकडे बघा. लास व्हेगसमध्ये एक चौरस फूट हिरवळ जगवायला वर्षाला ७३ गॅलन, म्हणजे सुमारे २७६ लिटर पाणी लागतं. हे पाणी त्या चौरस फुटावर उभं केलं तर जवळपास ३,००० मिलिमीटर भरतं. कोकणात अख्ख्या पावसाळ्यात पडतं तेवढं, आणि आभाळातून येणार १०५. त्याच जागी वाळवंटी झाडं लावली तर ६५ लिटर पुरतात. एका एकरामागे वर्षाला ९० लाख लिटरहून अधिक वाचतात.

प्राधिकरण लोकांना हिरवळ काढायचे पैसे देतं. दर बदलत गेला, बराच काळ पहिल्या दहा हजार चौरस फुटांना चौरस फुटामागे ३ डॉलर होता. पण पैसे सहजी मिळत नाहीत. आधी अर्ज, मग निरीक्षक येऊन जिवंत हिरवळ मोजणार. अर्जाआधीच गवत मारलं किंवा उपटलं तर अर्ज बाद. नव्या बागेत झाडं पूर्ण वाढल्यावर निम्मी जमीन त्यांच्या छायेखाली यायला हवी, नुसती खडी पसरलेली चालत नाही. ठिबकच्या लाइनला गाळणी आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर हवाच. तो नसेल तर मुख्य लाइनच्या दाबाने नळी सांध्यातून निघते आणि एका रात्रीत बचत वाहून जाते. खडीखाली प्लॅस्टिक कागद चालत नाही, जमिनीत पाणी मुरलं पाहिजे. शेवटी जमीनमालक लिहून देतो की इथे पुन्हा हिरवळ होणार नाही, आणि घर विकलं तरी हे बंधन जमिनीबरोबर राहतं. २० कोटी चौरस फुटांहून जास्त हिरवळ अशी गेली. २०२१ मध्ये विधिमंडळाने पुढचं पाऊल टाकलं. रस्त्याच्या दुभाजकात, कार्यालयांपुढे, सोसायट्यांच्या दारात जी हिरवळ फक्त दिसायला आहे, तिला २०२६ संपल्यावर कोलोरॅडोचं पाणी बंद.

यातही चुका झाल्या. सर्वांत मोठी झाडांची. हिरवळीच्या स्प्रिंकलरवर वर्षानुवर्षं वाढलेल्या झाडाची मुळं वरच्या थरात, फांद्यांच्या घेरापर्यंत पसरलेली असतात. हिरवळ काढून खोडापाशी दोन ठिबक तोट्या लावल्या की बाहेरची मुळं सुकतात आणि दोन उन्हाळ्यांत झाड शेंड्याकडून वाळतं. घेराच्या कडेला गोल नळी फिरवून त्यावर तोट्या वाटायच्या आणि झाड वाढेल तशी ती नळी बाहेर सरकवायची, हा उपाय. तो सांगायला उशीर झाला, आणि ज्या शहरात ७ जुलै २०२४ ला ४८.९ अंश तापमान गेलं तिथे जुनं सावलीचं झाड मरणं ही छोटी गोष्ट नाही. दुसरी चूक ओढ्याची. परतीचं पाणी वाढत गेलं तसा लास व्हेगस वॉशचा प्रवाह जोरात वाहून काठ कापत गेला, गाळ लेक मीडमध्ये गेला, आणि सुमारे दोन हजार एकरांची पाणथळ १९९० च्या दशकापर्यंत दोनशेवर आली. मग दगड-काँक्रीटचे २१ बंधारे घालून प्रवाह संथ करावा लागला. पाणी परत करणं म्हणजे नुसतं सोडून देणं नव्हे, हे त्यांना खर्च करून कळलं. आणि तिसरी, १९९७ मध्ये त्याच ओढ्यातून हेंडरसनच्या रासायनिक कारखान्यांचं परक्लोरेट हे घातक रसायन तलावात येत असल्याचं आढळलं. जे पाणी आपण परत करतो तेच पुन्हा पितो, तेव्हा वरचा कारखाना हा पाणीपुरवठ्याचाच भाग असतो.

तरीही निकाल बघा. २००२ मध्ये कोटा ओलांडून ३ लाख २५ हजार एकर-फुटांच्या घरात गेलेला वापर २०२२ मध्ये २ लाख २४ हजारांवर आला, तोही मधल्या काळात लाखो माणसं वाढून. २०२२ साठी टंचाई जाहीर होऊन नेव्हाडाचा कोटा २१ हजारांनी कापला गेला तेव्हा कोणाचा नळ बंद झाला नाही. त्याच वर्षी लेक मीड सुमारे २७ टक्क्यांवर आलं आणि १९७१ पासूनची पहिली उपसा नळी उघडी पडली. पण सर्वांत खालची, समुद्रसपाटीपासून ८६० फूट पातळीवरची तिसरी नळी २०१५ मध्येच, ८० कोटी डॉलरहून जास्त खर्चून तयार होती. धरणाचा मृतसाठा ८९५ फुटांना सुरू होतो. म्हणजे हूव्हर धरणातून खाली थेंबही सोडता येणार नाही, तेव्हाही लास व्हेगस पाणी उचलू शकेल.

यावर रास्त आक्षेप आहे : शहराला हे जमतं, शेतीला नाही. कोलोरॅडोचं बहुतांश पाणी शेतीच पिते. कॅलिफोर्नियातल्या एकट्या इम्पीरियल पाटबंधारे जिल्ह्याचा वाटा ३१ लाख एकर-फूट आहे, सगळ्या नेव्हाडाच्या दहापट. आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तरही नेव्हाडातच सापडतं. युरेका काउंटीतल्या डायमंड व्हॅलीत शेतकरी लसूणघासाचं पीक घेतात. तिथे भूजलाचं वार्षिक पुनर्भरण सुमारे ३० हजार एकर-फूट, आणि उपसा त्याच्या दुपटीहून अधिक. परवाने तर त्याहूनही जास्त वाटून ठेवलेले. पातळी वर्षानुवर्षं खाली गेली, झरे आटले. जुना कायदा म्हणतो, ज्याचा परवाना आधीचा त्याला पाणी आधी. तो कडक लावला असता तर निम्मी शेती एका दिवसात बंद पडली असती. शेतकऱ्यांनी स्वतः बसून योजना केली. परवान्याचं रूपांतर वाट्यांत, जुन्या परवान्याला थोडा जास्त वाटा, विहिरीवर मीटर, न वापरलेलं पाणी पुढच्या वर्षी जमा, आणि ३५ वर्षांत सगळ्यांचा वाटा टप्प्याटप्प्याने कमी. ज्येष्ठ परवानेधारक न्यायालयात गेले. नेव्हाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये योजना उचलून धरली.

लास व्हेगसने एक मोह टाळला हेही सांगायला हवं. १९८९ मध्ये शहराने पूर्व नेव्हाडाच्या स्प्रिंग व्हॅलीसारख्या खोऱ्यांतल्या भूजलावर दावे लावले होते. सुमारे ३०० मैलांची पाइपलाइन टाकून ते पाणी दक्षिणेला आणायचं होतं. तिथले पशुपालक, शोशोनी आणि गोशूट जमाती, पर्यावरणवादी तीस वर्षं लढले. २०२० मध्ये प्राधिकरणाने योजना सोडून दिली. न्यायालयीन पराभव हे एक कारण होतं, पण शहराने बचतीतून एवढं पाणी उभं केलं होतं की पाइपलाइनची निकड उरली नव्हती. दूरच्या गावांचं पाणी ओढायच्या प्रत्येक योजनेपुढे हा प्रश्न ठेवता येतो : आधी परतीचं पाणी मोजलं का?

गोव्यातल्या कॅसिनोंना विचारायचा प्रश्नही याच जातीचा आहे. मांडवीत उभ्या असलेल्या प्रत्येक बोटीवर रोज किती पाणी चढतं, किती सांडपाणी उतरतं, ते कुठे जातं आणि त्याचं मीटर कोण वाचतं?